पुढची तिकिटं

रवळूराव घाडींना उत्तम कन्नड येतं ही गोष्ट बेळगावच्या वडगावातल्या त्यांच्या गल्लीत शेंबड्या पोरापर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. कारण ती रवळूरावांनी स्वतःच सगळ्यांना सांगितली होती. सोसायटीत हेडक्लार्क व्हायचं तर कन्नडची परीक्षा द्यावी लागते. ती त्यांनी दिली होती, आणि पहिल्या झटक्यात नाही तरी शेवटी पास झाले होते. तेव्हापासून ते कंडक्टर, पोस्टमन, भाजीवाला सगळ्यांशी कन्नडच बोलत. भाजीवाला मराठीत भाव सांगे, हे कन्नडमध्ये कमी कर म्हणत, आणि सौदा शेवटी हाताच्या बोटांवर मिटे.

बेळगावात तशी दोन्ही भाषा ज्याला येत नाहीत असा माणूस सापडायचा नाही. पण त्याचा कुणी डांगोरा पिटत नाही. रवळूरावांनी पिटला, आणि नाटकाच्या तिकिटांनी तो त्यांच्याच पाठीवर वाजवला.

नाटक म्हणजे ‘संगीत केतकीकंकण’. राजपुत्र शिकारीला येतो, त्याला माळ्याची लेक केतकी भेटते, तो तिला एक कंकण देतो, आणि मग पुढचे सगळे अंक दोघं एकमेकांना शोधत गात राहतात. एवढीच गोष्ट. जरा नीट विचारपूस केली असती तर पहिल्या अंकातच भेट झाली असती. पण मग पदं कधी म्हणायची? आणि पदं अशी, की आमच्या भागात म्हशीची धार काढतानासुद्धा लोक ती गुणगुणतात.

रवळूरावांच्या पत्नी मंगल, गल्लीच्या मंगलाक्का, यांना ती सगळी पदं पाठ. त्या नंदगडच्या. त्यांचे वडील भावकूआप्पा जत्रेतल्या नाटकात केतकी व्हायचे. दिवसभर औत धरायचं आणि संध्याकाळी मिशी काढून लुगडं नेसायचं. रुंद खांदे, हातभर मनगट, त्यात कंकण काही केल्या जायचं नाही, म्हणून ते दोऱ्यानं बांधायचे. आप्पा आता नाहीत. पण मंगलाक्कांच्या डोळ्यांपुढं केतकी म्हणजे अजून तेच, आणि त्यांची जन्माची एकच हौस होती.

“मला एकदा तरी बाईमाणसानं केलेली केतकी बघायची हाय,” त्या म्हणायच्या.

ही हौस रवळूरावांना लग्नाआधीपासून माहीत होती. मुलगी बघायला गेले होते तेव्हा त्यांनी गाणं येतं का म्हणून विचारलं. मंगलाक्कांनी केतकीचं पद म्हटलं. रवळूराव असे काही विरघळले, की चहाचा कप हातात धरूनच म्हणाले, “लग्न झाल्यावर हे नाटक तुम्हांस्नी दाखवणार.” साक्षीला अख्खी बैठक होती. पुढं लग्न झालं, आणि नाटक बेळगावला येतही राहिलं. पण कधी सोसायटीचं ऑडिट, कधी मुलाची परीक्षा, कधी गुंजीत भावकीतलं लग्न. दर खेपेला रवळूराव एकच म्हणत, “पुढच्या वेळी बघू या गं.” मंगलाक्का “बरं” म्हणत. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. चिडलेल्या बायकोचं ऐकावं लागतं. “बरं” म्हणणारीचं राहून जातं.

आणि यंदा जाहिरात आली : ‘अखेरचा दौरा’. नाटक कंपनी बंद होणार, केतकी पुन्हा दिसणार नाही. शेजारच्या यशोदाबाई म्हणाल्या, “कंपनीवाले असंच म्हणत्यात वं. माझ्या सासूनंबी अखेरचा दौरा बघितलाता.” पण मंगलाक्का त्या दिवशी भाकरी थापताना एकही पद गुणगुणल्या नाहीत. रवळूराव डोळस नव्हेत, पण बहिरेही नव्हेत. त्यांनी टोपी घातली आणि जाहीर केलं, “तिकिटं काढून येतो.”

आपल्याकडे माणूस एकटा तिकीट काढायला जाऊ शकत नाही. आधी सल्ले घ्यावे लागतात. यशोदाबाई म्हणाल्या, पुढं बसा, एकदम पुढं, मागं नुसता कांदाभज्यांचा वास येतो आणि पोरं रडतात. निवृत्त मास्तर मारुतीराव म्हणाले, पुढं अजिबात नको, नट तान घेतात तेव्हा थुंकी उडते. त्यांच्या धोतरावर एका थोर गायकाची उडाली होती आणि ते धोतर त्यांनी कितीतरी दिवस धुतलं नव्हतं. त्यांनी ते अभिमानानं सांगितलं की तक्रार म्हणून, हे शेवटपर्यंत कळलं नाही. समोरचे यमनाप्पा हे जन्मानं कन्नड आणि शेजारानं मराठी. ते म्हणाले, “रवळूराव, तिकिटाच्या टेबलावर गदगकडची नवी पोरगी बसल्याय. तिला मराठी येत न्हाय. मी येतो की संगट.”

बस्स. वर्मावर बोट पडलं.

“यमनाप्पा,” रवळूराव म्हणाले, “माझं कन्नड सरकारनं तपासून पास केलंया.”

खडेबाजारातल्या एका दुकानाच्या पायरीवर टेबल मांडून राणी नावाची मुलगी तिकिटं विकत होती. तिच्यापुढं तिकिटांचे दोन गठ्ठे होते. रवळूरावांनी घसा साफ केला आणि पुढच्या रांगेची तिकिटं मागितली. कन्नडमध्ये पुढचं म्हणजे ‘मुंदिंदु’.

“मुंदिंदु कोडरी,” ते म्हणाले.

राणीनं जवळच्या गठ्ठ्यावर बोट ठेवून विचारलं, “इदु ब्याडेन्री?” म्हणजे, हे नको का?

रवळूरावांना वाटलं, पोरगी मागच्या खुर्च्या गळ्यात मारते आहे. ते हसले. मग एकेक शब्द सुटा करून, परीक्षेत तोंडीला म्हणाले असते तसं म्हणाले, “हिंदिंदु ब्याड. मुंदिंदु बेकु.” मागचं नको. पुढचंच पाहिजे.

पोरीनं पुन्हा विचारलं. यांनी पुन्हा तेच सांगितलं, आणखी जोरात. तिनं खांदे उडवले, दुसऱ्या गठ्ठ्यातली दोन तिकिटं फाडली आणि दिली. एवढं अस्खलित कन्नड ऐकून पोरगी गप्प झाली, असा रवळूरावांनी अर्थ लावला.

घरी आल्यावर मंगलाक्कांनी तिकिटं देवापुढं ठेवली आणि त्यांना हळदकुंकू वाहिलं. नवी गाडी, नवं पुस्तक, निकालाचा कागद, सगळ्याला आपण वाहतो. तिकिटांनी काय पाप केलंय? कुंकवाची बोटं पडली ती नेमकी कोपऱ्यातल्या रबरी शिक्क्यावर. रवळूरावांनी तिकिटावर ‘केतकीकंकण’ एवढं वाचलं, आणि वाहिलेलं कुंकू पुसायचं नसतं म्हणून बाकीचं देवावर सोडलं.

शनिवारी संध्याकाळी सगळी गल्ली त्यांना पाठवायला दारात उभी राहिली. मंगलाक्का शहापुरी साडी नेसल्या होत्या, अंबाड्यात अबोलीचा वळेसर होता. रवळूरावांनी लग्नातला कोट घातला होता. त्याची बटणं लागत नव्हती, पण कोट उघडाच बरा दिसतो, असं मारुतीरावांनी एकमतानं ठरवलं. यमनाप्पा आपल्या बायकोला घेऊन आधीच गेले होते. त्यांना मधल्या रांगेतली तिकिटं मिळाली होती, हे ऐकून रवळूरावांना मनातून फार बरं वाटलं.

नाट्यगृहाच्या दारात राणीच उभी होती. तिनं तिकिटं हातात घेतली, अंगठ्यानं कुंकू पुसलं आणि परत दिली.

“निप्पाणी,” ती म्हणाली.

“न्हाय न्हाय, वडगाव,” रवळूराव म्हणाले. त्यांना वाटलं, गाव विचारते आहे.

“निप्पाणी, नाळे,” ती पुन्हा म्हणाली. नाळे म्हणजे उद्या. रवळूरावांनी चष्मा काढला, पुसला, घातला. कुंकवाखालून शिक्का वर आला होता. निपाणी. रविवार.

मग जे झालं त्याला भांडण म्हणणं बरोबर नाही, कारण भांडायला दोन बाजू लागतात. इथं रवळूराव एकटेच बोलत होते. अर्धं कन्नड, अर्धं मराठी, मध्ये थोडं सोसायटीतलं इंग्रजी. फसवणूक, तक्रार, वरिष्ठ, असे शब्द झाले. लोक जमले. आतून घंटा वाजली. राणीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती भराभरा कन्नडमध्ये काही सांगू लागली. गर्दीतून यमनाप्पा पुढं आले, त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि आधी पोट धरून हसून घेतलं.

“रवळूराव, तुम्ही मुंदिंदु मागितलासा?”

“व्हय. पुढचं.”

“मग पुढचंच दिलंय की! हितला खेळ झाल्यावर पुढचा खेळ निपाणीला. ती तुमाला हितलं देत होती, तर तुम्ही म्हणालासा, मागचं नको, पुढचंच पायजे. तिनं तीनतीनदा विचारलंय.”

आता यात कन्नडचा काही दोष नव्हता. पुढची खुर्ची ती पुढचीच आणि पुढचा खेळ तोही पुढचाच, हे मराठीतही तसंच आहे. ज्या दोन भाषांचं आमच्याकडे पाट्यांच्या रंगावरूनसुद्धा पटत नाही, त्या दोघींनी रवळूरावांना खड्ड्यात घालायच्या कामी मात्र अगदी सख्ख्या बहिणींसारखी एकी केली होती. रवळूरावांनी आत जागा आहे का विचारलं. नव्हती. दारं बंद झाली, आतून पेटीचे सूर आले आणि लोक टाळ्या वाजवायला लागले.

रवळूरावांनी मंगलाक्कांकडे पाहिलं. ती रडेल, चिडेल, निदान चारचौघांत एखादा टोमणा मारेल, अशी त्यांची तयारी होती. मंगलाक्कांनी नुसता पदर सारखा केला.

“असू दे वं,” त्या म्हणाल्या. “पुढच्या वेळी बघू.”

अखेरच्या दौऱ्याला पुढची वेळ नसते, हे त्यांनाही माहीत होतं. रवळूरावांना आपलंच वाक्य पहिल्यांदा दुसऱ्याच्या तोंडून ऐकू आलं, आणि ते असं लागतं हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांना मनापासून लाज वाटली. गर्दीची नव्हे, बायकोची.

“पुढची वेळ उद्याच हाय,” ते म्हणाले. “उद्या निपाणीला जायाचं.”

रविवारी गल्लीचे सल्ले पुन्हा सुरू झाले. इतक्या लांब कशाला जाता, हे सगळ्यांनी आपापल्या परीनं विचारलं. यशोदाबाईंनी निपाणीला थंडी असते म्हणून स्वेटर दिला. मारुतीरावांनी छत्री दिली, थुंकीसाठी. यमनाप्पा रिक्षापर्यंत सोडायला आले, आणि शेवटी न राहवून म्हणाले, “रवळूराव, वाटेत कन्नड नको हां.” रवळूरावांनी मनातल्या मनात तशी शपथच घेतली.

बस हत्तरगीच्या टोलनाक्यापर्यंत शहाण्यासारखी चालली आणि पुढं जाऊन बंद पडून बसली. कंडक्टर म्हणाला, दुसरी गाडी येईल. कधी, हे त्याला माहीत नव्हतं, आणि ते माहीत असल्याचं ढोंगही त्यानं केलं नाही. रवळूराव रस्त्याच्या कडेला कोट, स्वेटर आणि छत्री घेऊन उभे राहिले. येईल त्या गाडीला हात करत होते. मोटारी निघून गेल्या, उसाचा ट्रॅक्टर निघून गेला. आणि मग एक ट्रक थांबला. त्याच्या कपाळावर लिहिलं होतं : ‘संगीत केतकीकंकण, अखेरचा दौरा’.

मंगलाक्कांनी ट्रकला हात जोडले.

ड्रायव्हर नागेंद्र बोलका होता. “नाटकालाच निघालाय व्हय? मग चला की. पुढं जागा न्हाय पण. मागं बसाय लागंल.”

पुढं न मिळता मागं मिळण्याचं रवळूरावांना आता काही वाटेनासं झालं होतं. मागं ट्रकमध्ये राजवाडा होता. पुठ्ठ्याचे खांब, रंगवलेली बाग, सोनेरी सिंहासन आणि दोरखंडांनी घट्ट बांधलेला केतकीचा झोपाळा. बसायला दुसरं काही नव्हतंच. मंगलाक्का झोपाळ्यावर बसल्या, रवळूराव सिंहासनावर. ट्रक निघाला. वाऱ्यानं अबोली हलायला लागली, दोन्ही बाजूंनी ऊस पळायला लागला, आणि झोपाळा इतका घट्ट बांधलेला असूनही खड्ड्याखड्ड्याला थोडा थोडा झुलत राहिला. मंगलाक्का आधी तोंडाला पदर लावून हसल्या. मग पदर काढून हसल्या.

संकेश्वरला पोलिसानं ट्रक अडवला. मागं माणसं का बसवली म्हणून त्यानं नागेंद्रला विचारलं. नागेंद्र बेधडक म्हणाला, “साहेब, हे आमचे राजे आणि राणीसाहेब.” पोलिसानं सिंहासनाकडे पाहिलं, आणि कन्नडमध्ये रवळूरावांना नाव आणि गाव विचारलं. शपथ नसती तर रवळूराव तिथं नक्की पुरते बुडाले असते. पण शपथ होती. ते ताठ मानेनं, कोट उघडा टाकून, समोर बघत गप्प बसले. पोलिसानं मान हलवली.

“लई मोठा नट दिसतोय,” तो नागेंद्रला म्हणाला. “फुकट बोलत न्हाय.” आणि त्यानं ट्रक सोडला. सबंध आयुष्यात रवळूरावांच्या भाषेचा एवढा मान कधी झाला नव्हता.

निपाणीत त्यांच्या जागा शेवटच्या रांगेत निघाल्या. तेही चाललं असतं, पण पुढं एक खांब होता. पुठ्ठ्याचा नव्हे, चांगला सिमेंटचा. मंगलाक्कांना त्याच्या डावीकडचं निम्मं स्टेज दिसत होतं. रवळूरावांना खांबच दिसत होता. त्यांनी बायकोला आतल्या बाजूला सरकवलं आणि स्वतः खांब घेतला.

केतकी आली. खरीखुरी बाई, बारीक अंगाची, पाण्यासारख्या आवाजाची. कंकण तिच्या मनगटात अलगद गेलं, दोरा लागला नाही. मंगलाक्का श्वास धरून बघत होत्या. नाटकभर त्यांनी एकदाही ओठ हलवले नाहीत. शेवटच्या अंकात केतकी निरोपाचं पद गाते. बघायला आलेल्या रवळूरावांपुढं मंगलाक्कांनी म्हटलेलं पद तेच. ते म्हणता म्हणता त्या नटीनं जाता जाता मान वळवली आणि वळवलेल्या मानेनंच ती क्षणभर उभी राहिली. मंगलाक्कांनी नवऱ्याचा हात घट्ट धरला. लोकांत त्यांनी तो याआधी लग्नातच धरला होता, तोही भटजींनी सांगितलं म्हणून.

“काय झालं गं?”

“आप्पा बी अशीच मान वळवायचे,” त्या म्हणाल्या. गालांवरून पाणी वाहत होतं. “मला वाटायचं, गडीमाणूस, येत नसंल, कसंबसं करत्यात. आप्पा बरोबर करत होते वं. अगदी बरोबर.”

खांबाआडून राजपुत्र काहीतरी गात होता. तो दिसण्यात कसा होता हे रवळूरावांना आजही माहीत नाही. हातात हात होता, म्हणून त्यांनी टाळ्याही वाजवल्या नाहीत.

पडदा पडला, लोक उठले. दोघं बाहेर आले तेव्हा मंगलाक्कांचा चेहरा असा झाला होता, की रवळूरावांना त्या नंदगडच्या बैठकीची आणि हातातल्या कपाची आठवण झाली.

“पोट भरून बघितलास न्हवं?” त्यांनी विचारलं.

“बघितलं की,” मंगलाक्का म्हणाल्या. मग जरा थांबून, “निम्मं खांबानं बघितलं, ते ऱ्हायलं. असू दे. बरं झालं.”

‘बरं’ हा शब्द ऐकला आणि रवळूराव जागीच थांबले. दारापाशी टेबल होतं. निपाणीचा एक माणूस तिथं उद्याच्या खेळाची तिकिटं विकत बसला होता. उद्याचा खेळ गडहिंग्लजला, दौऱ्याचा शेवटचा. उद्या सोमवार होता. सोसायटी उघडी होती, आणि हेडक्लार्कानं न कळवता रजा घेण्याची गोष्ट त्या सोसायटीच्या इतिहासात नव्हती. रवळूराव टेबलापाशी गेले. आधी कन्नड तोंडात आलं. ते त्यांनी गिळलं आणि सरळ मराठीत मागितलं.

“पुढची तिकिटं द्या. दोन.”

माणसानं मान वर केली. “पुढची म्हंजे? पुढच्या खेळाची का पुढच्या रांगेतली?”

रवळूरावांनी मागं वळून पाहिलं. मंगलाक्का अबोली सारखी करत उभ्या होत्या आणि, किती दिवसांनी, काहीतरी गुणगुणत होत्या.

“दोन्ही,” रवळूराव म्हणाले.

“आणि खांब सोडून द्या म्हणावं,” मागून मंगलाक्का म्हणाल्या.